मुलांची कावीळ कधी धोक्याची? व्हायरस आणि लिव्हर फेल्युअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला, शाळा सुरू झाल्या, की माझ्या मोबाइलवर डोळ्यांचे फोटो यायला लागतात. रात्री साडेअकराला, बाथरूमच्या पिवळट दिव्याखाली काढलेले. खाली एकच ओळ: "डॉक्टर, कावीळ वाटते का?" मी भांडुपला मुलांचा दवाखाना चालवते. गेल्या काही पावसाळ्यांत पालकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवले, ते इथे एकत्र केलेत. फोटोवरून कावीळ ठरवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. सकाळी खिडकीपाशी मुलाला उभं करा, खाली बघायला सांगा आणि वरची पापणी हलकेच उचला. जे दिसायचं ते तिथे दिसतं.

१. कावीळ झाली म्हणजे लिव्हर फेल झालं का?

नाही. कावीळ म्हणजे रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य साठणं. त्याने डोळे आणि लघवी पिवळी होते. लिव्हर सुजलं तरी बहुतेक मुलांत ते आपलं काम करत राहतं आणि काही आठवड्यांत सावरतं.

लिव्हर फेल होतं तेव्हा ते कामंच टाकून देतं. रक्त गोठवणारी प्रथिनं बनत नाहीत, रक्तातली साखर टिकत नाही, अमोनिया साठून मेंदूवर चढतो. डॉक्टरांची व्याख्या अशी: लिव्हरचा जुना आजार माहीत नसलेल्या मुलात लिव्हरला नव्याने इजा झाली आहे, व्हिटॅमिन के देऊनही आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचं माप) १.५ किंवा त्याहून जास्त आहे आणि मेंदूवर परिणाम दिसतोय. आयएनआर २ किंवा वर गेला तर मूल अगदी शुद्धीवर, खेळत असलं तरी ते लिव्हर फेल्युअरच धरतात. हा दुसरा नियम मुलांसाठी मुद्दाम केलेला आहे, कारण दोन वर्षांच्या बाळाचा गोंधळ आणि हट्ट यातला फरक आईलाही लवकर कळत नाही. आयएनआरबद्दल प्रश्न ६ पाहा.

२. कोणकोणत्या व्हायरसमुळे हे होतं?

आपल्याकडे मुलांत पहिला नंबर हेपॅटायटिस ए चा. त्यामागे हेपॅटायटिस ई, आणि कधीकधी दोन्ही एकाच वेळी. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. हेपॅटायटिस बी मुख्यतः आईकडून बाळाला मिळतो (प्रश्न १२). हेपॅटायटिस सी मुळे मुलाचं लिव्हर असं अचानक फेल होणं फारच विरळा. नवजात बाळाचे व्हायरस वेगळेच असतात (प्रश्न ११). डेंग्यूही यादीत आहे (प्रश्न १०). एबस्टाइन-बार, अ‍ॅडिनो, पार्व्हो बी १९ ही नावं रिपोर्टवर कधी दिसतात, पण त्यांचा वाटा छोटा.

आकडा मागणाऱ्यांसाठी: हेपॅटायटिस ए झालेल्या शंभर मुलांत एकाचंही लिव्हर फेल होत नाही. पण पावसाळ्यात एकाच वस्तीत शेकडो मुलांना कावीळ झाली, की त्या एक टक्क्याच्या आतली मुलंही दारात येतात.

३. घरी आरओ आहे, बाटली घरून देतो, तरी माझ्या मुलाला हेपॅटायटिस ए कसा झाला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारताना सूर बहुतेकदा दुखावलेला असतो.

मुंबईच्या सात तलावांचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरिन घालून निघतं. घोळ होतो तो पुढे. पाणी दिवसातले काही तासच येतं. उरलेल्या वेळात पाइपात दाब नसतो, आणि पाइप जिथे गटाराला लागून किंवा गटारातूनच गेलाय, तिथल्या फटीतून घाण आत खेचली जाते. कुणी नळाला थेट पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी. तिला तडा असेल आणि शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल, तर तळमजल्यापासून वरपर्यंत सगळी बिल्डिंग तेच पाणी पिते. एकाच विंगमधली चार मुलं पिवळी झाली, तर मी आधी सेक्रेटरींना टाकीचं झाकण उघडायला सांगते.

तुमचा आरओ चांगला असेलही. पण दात घासायचं पाणी आरओचं असतं का? पाणीपुरीचं? बर्फाच्या गोळ्याचं? क्लासखालच्या उसाच्या रसातला बर्फ कुठून येतो? मित्राच्या बाटलीतला घोट? हा व्हायरस पोटात गेल्यावर १५ ते ५० दिवसांनी, सरासरी २८ दिवसांनी आजार दिसतो. म्हणजे आज कावीळ दिसली तर चूक महिन्यापूर्वीची आहे. कालच्या वडापावावर राग काढून उपयोग नाही.

तिसऱ्या आणि कालवं यांचं वेगळं सांगावं लागतं. ही जनावरं पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातला व्हायरस त्यांच्या पोटात साठतो. १९८८ मध्ये शांघायला अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे तीन लाख लोकांना हेपॅटायटिस ए झाला होता. तिसरीने तोंड उघडलं म्हणजे ती शिजली, हा आपला घरगुती हिशोब इथे चुकतो. उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं खळखळ उकळू द्या.

आता थोडं उलटं वाटेल असं. पूर्वी चाळीतल्या बहुतेक मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आत हा व्हायरस होऊन जायचा. त्या वयात बहुतेकदा कावीळ दिसतही नाही, दोन दिवस पोट बिघडतं आणि जन्माची प्रतिकारशक्ती मिळते. तुमचं मूल स्वच्छ पाण्यावर वाढलं, म्हणून बाराव्या वर्षापर्यंत त्याला व्हायरस भेटलाच नाही. मोठ्या वयात हाच आजार जास्त जोरात होतो. याचा अर्थ मुलांना गटाराचं पाणी पाजा असा नाही. लस आहे (प्रश्न १६).

४. घरी काय पाहायचं? कोणत्या क्षणी निघायचं?

डोळे किती पिवळे आहेत हे बघत बसू नका. मूल कसं वागतंय ते बघा.

साध्या काविळीत एक ठरलेला क्रम असतो. आधी ताप, उलटी, भूक मेलेली. मग ताप उतरतो, डोळे पिवळे होतात, आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास मुलाला बरं वाटू लागतं. ते खायला मागतं, मोबाइल मागतं. हा क्रम उलटला तर सावध व्हा. कावीळ आल्यानंतर उलट्या थांबायच्या ऐवजी वाढल्या, मूल आणखी मलूल झालं, तर त्याच दिवशी दाखवा.

लगेच, रात्र असली तरी, निघायची लक्षणं: दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं, नेहमीच्या माणसांना न ओळखणं, असंबद्ध बडबड, विनाकारण किंचाळणं, हाक मारल्यावर उशिरा, जड जिभेने उत्तर, नाकातून, हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी, इंजेक्शनच्या जागी मोठा काळानिळा डाग, घामाघूम होऊन गळून जाणं, जे साखर उतरल्याने होतं, आकडी. शाळकरी मुलाला रोज वहीवर नाव लिहायला सांगा. कालच्या आणि आजच्या अक्षरात फरक पडला तर मला तो कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगून जातो.

एक कळकळीची विनंती. मूल चिडचिड करतंय, झोपत नाही, म्हणून झोपेचं किंवा गुंगी आणणारं सर्दीचं औषध देऊ नका. खरं लक्षण झाकलं जातं आणि लिव्हरला ते औषध बाहेर टाकताही येत नाही.

५. एसजीपीटी ३००० होता, तो ४०० वर आला. आता बरं होतंय ना?

आयएनआर आणि बिलिरुबिनही सोबत उतरत असतील आणि मूल खात-खेळत असेल, तर हो.

एसजीपीटी म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला माल. साध्या हेपॅटायटिस ए मध्येही तो काही हजारांत जातो, त्याने घाबरू नका. पण फुटायला पेशीच उरल्या नाहीत, तरीही तो उतरतो. एसजीपीटी खाली, बिलिरुबिन वर, आयएनआर वर आणि आधी हाताला लागणारं लिव्हर आता लागत नाही, हे चित्र सगळ्यात वाईट. "रिपोर्ट सुधारलाय" म्हणून घरी थांबलेली मुलं मी याच वळणावर पाहिली आहेत.

६. आयएनआर म्हणजे काय? एका लॅबमध्ये १.९ आला, दुसरीकडे १.३, असं कसं?

रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं प्रमाण. साधारण १ असतं. गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं आणि त्यातली काही काही तासांतच संपतात, म्हणून लिव्हर आज काय करतंय हे हा आकडा आजच सांगतो.

फरकाची दोन साधी कारणं. पहिलं नळीचं. ही तपासणी निळ्या टोपणाच्या नळीत होते. तिच्यात मोजून औषध घातलेलं असतं आणि रक्त खुणेपर्यंतच भरावं लागतं. बाळ रडतंय, शीर सापडत नाही, अर्धीच नळी भरली, की आयएनआर खोटा वाढलेला येतो. रक्त घेताना नळीकडे तुम्हीही बघा. दुसरं, व्हिटॅमिन के. पोट बिघडलेलं, जेवण नाही, अँटिबायोटिक चालू, अशा मुलात के कमी पडूनही आयएनआर वाढतो. इंजेक्शन देऊन काही तासांनी पुन्हा तपासतात. उतरला तर सुटलो. नाही उतरला तर दोष लिव्हरचा.

मुलाला कावीळ असेल आणि कागदावर फक्त बिलिरुबिन आणि एसजीपीटी लिहिलेले असतील, तर "पीटी-आयएनआर पण करायचा का?" असं नम्रपणे विचारा. कुणी रागावत नाही.

७. ताप आहे, पॅरासिटामॉल द्यायचं की नाही?

कावीळ दिसलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एरवी ते चांगलं औषध आहे: वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. घोटाळा बाटल्यांचा होतो. सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅमचं मिळतं, पण थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० असतं. ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम पुरतं. आजीने थेंबांचं औषध चमच्याने, ५ मिली दिलं, तर ५०० गेलं. तेच दिवसातून चारदा, दोन-तीन दिवस चाललं, तर लिव्हर फेल व्हायला व्हायरसची गरज उरत नाही. अ‍ॅस्पिरिन फ्लू किंवा कांजिण्यांत अजिबात नको, त्याने राय सिंड्रोम, म्हणजे लिव्हर आणि मेंदू दोन्हींना एकदम इजा, होऊ शकतो. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर फेकून द्या.

८. गावाला माळ घालतात, चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवतात. करून बघायला काय हरकत?

माळेला हरकत नाही. काड्या सुकून आकसतात, दोरा सैल होतो, माळ लांबत जाते आणि तेवढ्या दिवसांत साधी कावीळ आपसूक उतरते. चुन्याच्या पाण्यात झाडाच्या सालीचा रस मिसळला की पाणी पिवळं होतं. तुमचे स्वतःचे हात धुवून बघा, तुमचीही "कावीळ" उतरेल.

हरकत आहे ती नाकात घालायच्या कडू थेंबांना, पोटावर डाग देण्याला आणि कशाकशाचं मिश्रण हे न सांगता दिलेल्या पुड्यांना. काही वनस्पती आणि धातूंची भस्मं सुजलेल्या लिव्हरला आणखी मारतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं. गणपतीला कोकणात गेलेलं मूल "सात दिवस पथ्य" संपवून परत येतं, तेव्हा आमच्या हातातले ते सात दिवस गेलेले असतात.

९. पथ्य काय? हळद, तेल, तूप बंद करायचं का?

नाही. हळदीने कावीळ वाढत नाही, रंग सारखा एवढंच. तेलातुपाने मळमळ होत असेल तर चार दिवस कमी करा, बंद करू नका. सुजलेल्या लिव्हरला साखर साठवता येत नाही, म्हणून मुलाला उपाशी ठेवणं धोक्याचं. वरणभात, पेज, दही, केळं, अंडं, जे जाईल ते थोडं थोडं. झोपायच्या आधी काहीतरी पोटात हवंच. रस्त्यावरच्या उसाच्या रसाबद्दल प्रश्न ३ मध्ये लिहिलंच आहे. कावीळ बरी व्हायला लोक तोच पाजतात, हे मला दर वर्षी नव्याने बघावं लागतं.

१०. डेंग्यू झालाय आणि एसजीओटी ८०० आला. लिव्हरला काही होईल?

डेंग्यूत लिव्हरचे आकडे वाढणं नेहमीचं. एसजीओटी हा एसजीपीटीपेक्षा जास्त वाढतो, कारण तो स्नायूंतूनही येतो. बहुतेक मुलांत आपोआप उतरतो. लिव्हर फेल होतं ते मुख्यतः रक्तदाब कोसळून मूल शॉकमध्ये गेलं, लिव्हरला रक्त पोहोचलं नाही तर. म्हणून ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस लघवी किती होते, हातपाय गार आहेत का, पोटात जोराने दुखतंय का, यावर डोळा ठेवा.

मुंबईच्या पावसात ताप आणि कावीळ सोबत आली तर लेप्टो आणि मलेरियाही तपासतात. त्यांना वेगळी औषधं आहेत, "व्हायरल असेल" म्हणून थांबू नये.

११. आमचं बाळ दहा दिवसांचं आहे. नवजात बाळाची कावीळ तर साधी असते ना?

बहुतेक वेळा साधीच. पण दूध न ओढणारं, गार पडलेलं किंवा तापलेलं, टाच टोचल्यावर रक्त न थांबणारं बाळ ही वेगळी गोष्ट आहे.

या वयात आम्ही ज्याला सर्वांत घाबरतो तो हर्पिस सिम्प्लेक्स. अंगावर फोड असतीलच असं नाही. आईला त्रास झाल्याचं आठवतही नसतं. याला औषध आहे, असायक्लोव्हिर, आणि नुसत्या संशयावरही ते सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. दुसरा गट एंटेरोव्हायरसचा: कॉक्सॅकी बी, एको ११. बारशाला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणाच्या ओठांवर ताप उतरल्याचे फोड (तेही हर्पिसचेच) असतील, तर त्यांनी बाळाचा मुका घेऊ नये. मावशी रुसली तर रुसू दे.

शी पांढरट, मातकट होत असेल तर तो पित्तनलिकेचा प्रश्न असू शकतो. तोही तातडीचा, पण कारण वेगळं.

१२. मी हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे. बाळाचं काय?

जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिली लस, आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडींचं) इंजेक्शन, ते शक्यतो १२ तासांच्या आत. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून मिळतात.

यात एक फसवा अपवाद आहे. आईच्या रिपोर्टवर "ई अँटिजेन (व्हायरस जोरात वाढत असल्याची खूण) निगेटिव्ह आहे, व्हायरस मंद आहे" असं कळलं की घरचे निर्धास्त होतात. अशा आईच्या बाळाला दीर्घकाळाचा संसर्ग कमी होतो हे खरं, पण झालाच तर दोन-चार महिन्यांचं असताना लिव्हर एकदम फेल होण्याची भीती याच बाळांत जास्त असते. त्यामुळे रिपोर्ट काहीही असो, लस वेळेवर. स्तनपान चालू ठेवा.

१३. सगळ्या व्हायरसचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. मग लिव्हर फेल कशाने झालं?

बऱ्याच मुलांत शेवटपर्यंत कारण सापडत नाही, जगभर हेच आहे. पण "व्हायरसच असणार" म्हणून शोध थांबवू नये, कारण काही कारणांना उपाय आहे. तीन वर्षांच्या पुढे, विशेषतः शाळकरी वयात, विल्सनचा आजार: लिव्हरमध्ये तांबं साठतं, पहिल्यांदा कळतं तेच असं, आणि सोबत रक्त कमी होतं. भावंडांचीही तपासणी लागते. ऑटोइम्यून हेपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते. टीबीची औषधं, आकडीची औषधं. आणि उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट: पोटात गेल्यावर एक-दोन दिवस मूल ठीक वाटतं, मग लिव्हर बसतं. मोठ्या मुलांना हे एकट्यात, न रागावता विचारा.

२०२२ च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधून अशाच अनाकलनीय हेपॅटायटिसची बातमी आली. जुलैपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेकडे ३५ देशांतली १०१० मुलं नोंदली गेली होती. पुढच्या संशोधनात एएव्ही २ नावाचा, एरवी निरुपद्रवी व्हायरस आणि त्याला साथ देणारा अ‍ॅडिनोव्हायरस पुढे आला. कोविडच्या लसीमुळे झालं, हा तेव्हाचा फॉरवर्ड अजून येतो. त्यातल्या बहुतेक मुलांना ती लस दिलेलीच नव्हती.

१४. आयसीयूत नेमकं काय करतात? प्लाझ्मा का देत नाहीत म्हणून आम्ही भांडलो होतो.

लिव्हरला सावरायला वेळ मिळवून देतात. ग्लुकोज चालू, साखर दर काही तासांनी, पाणी मोजून, जंतुसंसर्गावर आणि अमोनियावर लक्ष, मेंदूला सूज येऊ नये म्हणून डोकं थोडं उंच आणि खोली शांत. हेपॅटायटिस ए आणि ई ला मारणारं औषध नेहमीच्या वापरात नाही. बी ला आहे.

प्लाझ्मा दिला की आयएनआर सुधारलेला दिसतो, पण ती दात्याची प्रथिनं असतात, तुमच्या मुलाच्या लिव्हरची नाहीत. मग खरी परिस्थिती कळायचा मार्ग बंद होतो. रक्तस्राव होत असेल किंवा शरीरात नळी घालायची असेल तेव्हा देतात. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध पॅरासिटामॉलच्या विषबाधेत जीव वाचवतं. इतर कारणांनी लिव्हर फेल झालेल्या मुलांवरच्या मोठ्या चाचणीत, २०१३ साली, फायदा दिसला नाही.

१५. ट्रान्सप्लांट कधी लागतं? आम्ही लिव्हर देऊ शकतो का?

व्हिटॅमिन के नंतरही आयएनआर ४ च्या वर, किंवा मेंदूवरचा परिणाम वाढत चाललाय, तर ट्रान्सप्लांटची तयारी हवी. पण मुलाला त्या सेंटरला हलवायची वेळ त्याआधीची, आयएनआर २ ओलांडला की. पोहोचल्यावर ट्रान्सप्लांट न लागता बरं झालं तर उत्तम. हेपॅटायटिस ए ची बरीच मुलं अशी स्वतःहून परत येतात.

१९९४ च्या कायद्याप्रमाणे आई, वडील, सज्ञान भावंडं, आजी-आजोबा देऊ शकतात. रक्तगट जुळावा लागतो. लहान मुलाला डाव्या बाजूचा छोटा तुकडा पुरतो आणि दात्याचं लिव्हर काही आठवड्यांत भरून येतं. अडतं ते बहुतेकदा बाबांच्या पोटामुळे: लिव्हरवर चरबी निघाली की दाता बाद. मेंदूमृत दात्यासाठी मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात तातडीची नोंदणी होते.

खर्चासाठी: धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. काउंटरवर "नाही" म्हटलं तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पहिल्याच दिवशी मागवून घ्या.

१६. धाकट्याला होईल का? शाळा किती दिवस बुडवायची?

हेपॅटायटिस ए चा व्हायरस शीमधून सर्वांत जास्त पसरतो तो कावीळ दिसायच्या आधीचे एक-दोन आठवडे. म्हणजे धाकट्याशी जे व्हायचं ते बहुधा होऊन गेलंय. तरीही वर्षाच्या पुढच्या भावंडाला संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत हेपॅटायटिस ए ची लस दिली तर उपयोग होतो. वेगळं ताट-वाटी नको, शीनंतर आणि जेवणाआधी साबण हवा. सॅनिटायझर या व्हायरसवर लंगडा आहे. शाळा कावीळ दिसल्यापासून एक आठवडा. घरात कुणी गरोदर असेल आणि मुलाला हेपॅटायटिस ई निघाला असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवा, गरोदरपणात तो फार वाईट वळण घेतो.

सरकारी मोफत तक्त्यात हेपॅटायटिस बी ची लस आहे, ए ची नाही. ती विकत घ्यावी लागते. वर्ष पूर्ण झाल्यावर, जिवंत लसीचा एक डोस किंवा मृत लसीचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन.

१७. कावीळ बरी झाली होती, दीड महिन्याने परत आली. लिव्हर गेलं का?

बहुधा नाही. हेपॅटायटिस ए काही मुलांत असा उलटतो, क्वचित सहा महिने रेंगाळतो आणि तरी पूर्ण बरा होतो. पण आयएनआर पुन्हा करा, आणि विल्सन व ऑटोइम्यूनच्या तपासण्या (प्रश्न १३) या वेळी टाळू नका.

१८. मृत लसीचा दुसरा डोस दोन वर्षं राहून गेला. पहिल्यापासून सुरू करायचं?

नको. राहिलेला डोस आता घ्या. येताना जुनी फाइल आणा, फोटो नको.